फ्लाइंग स्कूल निवडताना: इथे की परदेशात? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बारावीचा निकाल लागला की मेसेज सुरू होतात आणि दिवाळीपर्यंत थांबत नाहीत. अर्धे मुलांचे असतात, अर्धे आईवडिलांचे, आणि प्रश्न साधारण तेच. म्हणून सगळं एका जागी लिहून ठेवतोय. आधीच सांगतो, मी कुठल्याही स्कूलची शिफारस करत नाही, कोणी नाव विचारलं तरी नाही. कसं बघायचं ते सांगेन, बघायचं तुम्ही.

१. पायलट व्हायला नेमकं काय काय लागतं? फ्लाइंग स्कूलमध्ये ॲडमिशन घेतली की सगळं तेच करून देतात ना?

नाही. स्कूल तुम्हाला उडवायला शिकवतं आणि तास पूर्ण करून देतं, बाकी बरंच तुमचं तुम्हाला करायचं असतं. आपल्याला हवं असतं ते सीपीएल, म्हणजे कमर्शियल पायलट लायसन्स, आणि ते डीजीसीए, म्हणजे केंद्राचं नागरी विमान वाहतूक महासंचालनालय, देतं. त्यासाठी वय १८ पूर्ण, बारावी फिजिक्स आणि मॅथ्ससह पास, क्लास १ मेडिकल, डीजीसीएचे लेखी पेपर (एअर रेग्युलेशन्स, नेव्हिगेशन, मेटिऑरॉलॉजी म्हणजे हवामान, टेक्निकल, प्रत्येकात ७० टक्के), रेडिओवर बोलायचं लायसन्स म्हणजे आरटीआर, आणि २०० तास फ्लाइंग. या २०० पैकी १०० तास पायलट इन कमांड म्हणून, म्हणजे विमानाची जबाबदारी तुमच्यावर. त्यातच २० तास क्रॉस कंट्री, म्हणजे एका विमानतळावरून दुसरीकडे, त्यात ३०० नॉटिकल मैलांची एक मोठी फेरी, शिवाय रात्रीचं ५ तास फ्लाइंग आणि इन्स्ट्रुमेंटचे, म्हणजे बाहेर न बघता फक्त उपकरणांवर उडायचे तास, हेही त्या २०० मध्येच. एअरलाइनला जायचं तर मल्टी इंजिन (एकापेक्षा जास्त इंजिनांचं विमान) आणि इन्स्ट्रुमेंट रेटिंग (आयआर) पण लागतंच, त्यामुळे बहुतेक स्कूल १८५ तास सिंगल इंजिनवर आणि १५ तास मल्टीवर असं पॅकेज करतात. हा हिशोब डोक्यात पक्का ठेवा, पुढची सगळी उत्तरं याच्याभोवती फिरणार आहेत.

२. माझं बारावी कॉमर्स झालंय, फिजिक्स मॅथ्स नव्हतं. आता संपलं का?

अजिबात नाही. एनआयओएस म्हणजे ओपन स्कूलमधून फक्त फिजिक्स आणि मॅथ्स हे दोन विषय देऊन पास होता येतं आणि डीजीसीए ते धरतं, कितीतरी जण याच वाटेने आलेत. ही अट काढणार अशा बातम्या अधूनमधून येतात, पण बातमीच्या भरवशावर वर्ष घालवू नका, दोन पेपर देऊन टाका.

एक सांगतो, कॉमर्सवाले बघून काही स्कूलवाले आणि एजंट म्हणतात तुम्ही फ्लाइंग सुरू करा, विषय नंतर करू. एसपीएल (विद्यार्थी पायलटचं लायसन्स) आणि पीपीएल (खासगी पायलटचं) दहावीवर मिळतं म्हणून ते तांत्रिकदृष्ट्या खोटं बोलत नाहीत, पण सीपीएलच्या वेळी तुमचं घोडं अडणार. आधी विषय, मग पैसे.

३. मेडिकल आधी करायचं की ॲडमिशन आधी? मला चष्मा आहे.

मेडिकल आधी. नेहमी. क्लास २ डीजीसीएच्या पॅनलवरच्या डॉक्टरकडे होतं, मग त्याचा फाइल नंबर आला की क्लास १ ला अर्ज करायचा. क्लास १ चं पहिलं मेडिकल एअर फोर्सच्या सेंटरवर किंवा डीजीसीएने मान्यता दिलेल्या खासगी सेंटरवर होतं. तारखा मिळायला वेळ लागतो म्हणून बारावीची परीक्षा झाल्या झाल्या कामाला लागा.

चष्म्याचं म्हणाल तर चष्मा चालतो, मर्यादेत नंबर असेल आणि चष्म्याने ६/६ दिसत असेल तर. खरी अडचण रंग ओळखण्यात असते. ती गोष्ट बऱ्याच जणांना स्वतःला माहीतच नसते, आकड्यांच्या ठिपक्यांचं पुस्तक समोर आल्यावर कळतं. लाखो रुपये भरल्यावर हे कळण्यापेक्षा गावातल्या डोळ्यांच्या डॉक्टरकडे आजच इशिहारा टेस्ट करून घ्या. क्लास १ मध्ये टेम्पररी अनफिट आलं म्हणून पण घाबरू नका, वजन, रक्तातली एखादी गोष्ट, नाकाचं हाड असल्या कारणांनी येतं आणि बरेच जण पुढच्या वेळी फिट होतात. पण क्लास १ हातात नसताना मोठा हप्ता भरायचा नाही.

४. डीजीसीएचे पेपर आधी द्यायचे की फ्लाइंग सुरू करून सोबत?

माझं स्पष्ट मत, आधी. निदान रेग्युलेशन्स, नेव्हिगेशन आणि मेट तरी. स्कूलमध्ये गेल्यावर सकाळी पाचला उठून विमानाची वाट बघत बसायचं, दुपारी झोपाळलेलं डोकं, त्यात अभ्यास होत नाही आणि मग पेपर अडकले म्हणून तास पूर्ण होऊनही लायसन्स लटकलेलं राहतं. पेपर द्यायला कॉम्प्युटर नंबर, म्हणजे डीजीसीएकडचा तुमचा नोंदणी क्रमांक, लागतो आणि त्यासाठी दहावी-बारावीच्या मार्कशीटचं बोर्डाकडून व्हेरिफिकेशन लागतं, महाराष्ट्र बोर्डवाल्यांनी विभागीय बोर्डाच्या ऑफिसला हा अर्ज लवकर टाकावा.

पेपर आधी काढण्याचा अजून एक फायदा आहे जो कोणी बोलत नाही. सहा महिने नेव्हिगेशन आणि मेट केल्यावर तुम्हाला स्वतःलाच समजतं की हे आपल्याला आवडतंय की फक्त युनिफॉर्म आवडला होता. आणि ते समजायला पन्नास लाख लागत नाहीत.

५. एकूण खर्च किती? एका ब्रोशरमध्ये ४५ लाख लिहिलंय, दुसरा म्हणतो ६५.

दोघंही खरं बोलत असतील, कारण दोघं वेगवेगळ्या गोष्टी मोजतायत. भारतात सीपीएल, मल्टी आणि आयआर मिळून साधारण ४५ ते ६५ लाख धरा, राहणं-खाणं वेगळं असू शकतं. ब्रोशरचा आकडा बघताना त्यात काय नाहीये ते विचारा: हॉस्टेल, मेस, युनिफॉर्म, हेडसेट, ग्राउंड क्लास, लँडिंग आणि पार्किंग चार्जेस, एक्झामिनरची फी, मल्टीसाठी दुसऱ्या गावी जावं लागलं तर तिथला खर्च. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे २०० तासांच्या वर गेलात तर तासाला किती. कारण २०० मध्ये सगळ्यांचं होत नाही, मधे ब्रेक पडला की विसरलेलं परत शिकायला जास्तीचे तास लागतात आणि ते तुमच्या खिशातून.

तास कसा मोजतात हे पण विचारा. इंजिन चालू झाल्यापासून बंद होईपर्यंत, की चाक हलल्यापासून थांबेपर्यंत, की हवेतला वेळ? टॅक्सी करताना आणि रांगेत उभं असताना दहा-पंधरा मिनिटं जातात, बिलात ती येणार आणि लॉगबुकात (उडालेल्या तासांच्या वहीत) नाही येणार असं असेल तर २०० तासांवर फरक मोठा पडतो. पेट्रोल वाढलं तर फी वाढवायचा क्लॉज करारात आहे का तेही बघा, असतोच बहुतेक.

एवढं करून टाइप रेटिंग, म्हणजे एका ठरावीक विमानाचं वेगळं ट्रेनिंग, उरतंच, ते प्रश्न १७ मध्ये.

६. महाराष्ट्रात कुठे कुठे शिकता येतं?

बारामती, धुळे, शिरपूर, जळगाव, गोंदिया, नागपूर ही नावं वर्षानुवर्षं ऐकू येतात. बॉम्बे फ्लाइंग क्लब १९२८ चा, नाव मुंबईचं आणि घर जुहूला असलं तरी ट्रेनिंगचं फ्लाइंग धुळ्याला. गोंदियाजवळ बिरसीला मोठी धावपट्टी आहे. अमरावतीला बेलोऱ्याला एअर इंडियाची ॲकॅडमी उभी राहतेय. महाराष्ट्राबाहेर सरकारी म्हणून सगळ्यांना माहीत असलेली म्हणजे उत्तर प्रदेशात फुरसतगंजची इग्रुआ (इंदिरा गांधी राष्ट्रीय उडान अकादमी), तिथे प्रवेश परीक्षा असते. मान्यताप्राप्त संस्थांची यादी डीजीसीएच्या वेबसाइटवर असते, ॲडमिशन घ्यायच्या दिवशी ती उघडून मान्यतेची तारीख कधी संपते ते स्वतः बघा. गावाजवळ आहे एवढ्यासाठी स्कूल निवडू नका, दीड वर्ष तिथेच राहायचंय, घर चार तासांवर असो नाहीतर चौदा, रविवारशिवाय जाणं होत नाही.

७. स्कूल चांगलं की वाईट हे बाहेरच्या माणसाने ओळखायचं कसं?

सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हाच, आणि याचं उत्तर एका आकड्यात आहे: एका विद्यार्थ्याला महिन्याला प्रत्यक्षात किती तास मिळतात. बाकी एसी क्लासरूम, स्विमिंग पूल, माजी विद्यार्थ्यांचे फोटो, हे सगळं नंतर.

हिशोब करून दाखवतो. ब्रोशरवर विमानं १०. त्यातली रोज उडण्यालायक ६. एक विमान दिवसाला ५ तास उडलं आणि महिन्यात हवामान धरून २२ दिवस मिळाले तर ६ गुणिले ५ गुणिले २२ म्हणजे ६६० तास. विद्यार्थी ६० असतील तर प्रत्येकाला महिन्याला ११ तास, म्हणजे २०० तासांना अठरा महिने. तीच विमानं आणि विद्यार्थी १०० असले तर साडेसहा तास, म्हणजे अडीच वर्षं. फी तीच, स्कूल तेच, फक्त शंभर जणांना घेतलंय. म्हणून विमानं किती हा अर्धा प्रश्न आहे, उरलेला अर्धा म्हणजे आज उडणारी किती आणि रांगेत किती जण. इन्स्ट्रक्टर पण तसेच मोजा, विमान मोकळं पण इन्स्ट्रक्टर सुट्टीवर हे सर्रास होतं.

मग हे कळणार कसं? ऑफिसात नाही कळणार. सकाळी जा, शक्यतो आठवड्याच्या मधल्या दिवशी, न सांगता, आणि अकरापर्यंत थांबा. ऑप्सच्या, म्हणजे रोजचं फ्लाइंग ठरवतात त्या, खोलीत एक पांढरा बोर्ड असतो, त्यावर विमानांचे रजिस्ट्रेशन आणि त्यासमोर विद्यार्थ्यांची नावं आणि वेळा. किती विमानांसमोर नावं आहेत आणि किती ओळी कोऱ्या किंवा समोर एओजी लिहिलंय, ते बघा. एओजी म्हणजे विमान जमिनीवर पडून, पार्टची वाट बघत. मग हँगरकडे नजर टाका. एखाद्या विमानाचं इंजिन काढलेलं असणं वाईट नाही, मेंटेनन्स चालायलाच हवा, दर ५० आणि १०० तासांनी तपासणी असते. पण टायर बसलेले, काचेवर बोटाने नाव लिहिता येईल एवढी धूळ, प्रोपेलरवर कोळ्याची जाळी, असं विमान दिसलं तर ते महिनोन्महिने हललेलं नाही आणि तरी ब्रोशरच्या दहामध्ये ते मोजलंय.

मग मुलांशी बोला, पण स्कूलने पुढे केलेल्या मुलाशी नाही. मेसमध्ये किंवा बाहेर चहाच्या टपरीवर. विचारा, कधी आलास, आज किती तास झालेत, गेल्या महिन्यात किती उडलास. लॉगबुक दाखवायला सांगितलं तर बहुतेक मुलं दाखवतात. चार मुलांना विचारलं की तुम्हाला खरा आकडा मिळाला, आणि तो ऑफिसातल्या आकड्यापेक्षा कमीच निघणार, किती कमी ते बघायचं.

आणि धावपट्टी. तिथे नाइट लँडिंगची सोय आहे का, नसेल तर रात्रीच्या तासांना कुठे नेतात? किती स्कूल एकच धावपट्टी वापरतात? एअरलाइनची विमानं येत असतील तर ट्रेनिंगवाल्यांना बाजूला थांबावं लागतं, हो, पण रेडिओवर खऱ्या एटीसीशी (हवाई वाहतूक नियंत्रकाशी) बोलायची सवय पण तिथेच लागते. याला एकच बरोबर उत्तर नाही.

सुरक्षेचं पण विचारायचं, लाजायचं नाही. अपघात झाला होता का, काय बदललं त्यानंतर. एएआयबीचे, म्हणजे विमान अपघात तपासणाऱ्या सरकारी संस्थेचे, चौकशी अहवाल सार्वजनिक असतात, वाचा. विचारल्यावर जो चीफ फ्लाइंग इन्स्ट्रक्टर शांतपणे बसून सांगतो त्याच्याकडे शिकावं आणि जो चिडतो तिथून निघावं, इतकं सरळ आहे ते माझ्यासाठी.

८. डीजीसीएने आता स्कूलचं रँकिंग काढलंय ना, ते बघून निवडलं तर चालेल?

बघा, नक्की बघा. ऑक्टोबर २०२५ पासून डीजीसीएने फ्लाइंग स्कूलना श्रेणी द्यायला सुरुवात केली, वर्षातून दोनदा, आणि पहिल्याच यादीत सगळ्यात वरच्या दोन श्रेण्यांमध्ये एकही स्कूल नव्हतं. यावरून काय ते समजा. चाळणी म्हणून यादी वापरा, तळाची नावं काढून टाका. पण श्रेणी संस्थेला मिळते, तुमच्या बॅचमध्ये किती जण घेतलेत ते त्यात दिसत नाही. त्यामुळे प्रश्न ७ मधली सकाळची चक्कर काही चुकत नाही.

९. भारतात सगळं व्हायला खरंच किती वेळ लागतो? काउन्सेलर १२ महिने म्हणतात.

१२ महिन्यात झालेले आहेत पण ते धरून चालू नका. दीड ते दोन वर्षं धरा, वाईट स्कूल असेल तर अजून. महाराष्ट्रात जून ते सप्टेंबर ढग खाली आलेले असतात आणि बरेच दिवस असेच जातात, एप्रिल-मेमध्ये दुपारी उकाड्याने विमान हवेत इतकं हिंदकळतं की नवीन मुलाला सकाळीच सोडतात, उत्तरेत डिसेंबर-जानेवारीत धुकं. त्यामुळे ॲडमिशन कधी घेता यानेही फरक पडतो. जूनमध्ये जॉइन झालात तर पावसाळा ग्राउंड क्लास आणि पेपरमध्ये घालवा आणि ऑक्टोबरपासून मोकळे उडा, हे मला सगळ्यात बरं वाटतं.

१०. मग परदेशात गेलेलं बरं नाही का? तिकडे सहा-आठ महिन्यात होतं म्हणतात.

लवकर होऊ शकतं, हे खरं आहे. विमानं जास्त, इंधन आणि पार्ट सहज मिळतात, एअरस्पेस मोकळी. पण ते आठ महिने तिथल्या लायसन्सचे आहेत, भारतातल्या लायसन्सचे नाहीत. परत येऊन कन्व्हर्जन, म्हणजे तिथल्या लायसन्सवरून इथलं काढणं, करायला लागतं (प्रश्न १२) आणि त्यात सहा महिने ते वर्ष सहज जातं. म्हणून तुलना करताना आठ महिने विरुद्ध दोन वर्षं अशी करू नका, दीड विरुद्ध दोन अशी करा.

देशांचं थोडक्यात. अमेरिकेत स्कूल सगळ्यात जास्त, फ्लोरिडात उन्हाळ्यात दुपारी रोज गडगडाट आणि चक्रीवादळांचा सीझन, ॲरिझोनात आकाश मोकळं पण उन्हाळा भाजून काढतो. कॅनडात शिक्षण चांगलं पण हिवाळा लांब. दक्षिण आफ्रिका तुलनेने स्वस्त पडते. न्यूझीलंड आणि ऑस्ट्रेलिया महाग, पण डोंगर, वारा, समुद्र यात हात चांगला बसतो. दोन्हीकडे इंटिग्रेटेड कोर्स १५० तासांचा असू शकतो आणि आपल्याला लागतात २००, म्हणजे ५० तास वरचे, ते कोटेशनमध्ये आहेत का बघा. अमेरिकेतसुद्धा पार्ट १४१ च्या (सरकारमान्य अभ्यासक्रमाच्या) स्कूलमध्ये १९० तासांवर कमर्शियल मिळतं, तिथेही दहा कमी पडतात.

खर्चाचं म्हणाल तर राहणं, विमा, तिकिटं, व्हिसा धरून भारतापेक्षा फार कमी कुठेच पडत नाही आणि रुपया घसरला की मधेच बजेट बिघडतं. त्यामुळे फक्त स्वस्त म्हणून जाऊ नका. इथे चांगल्या स्कूलमध्ये जागा मिळत असेल तर मी इथलंच सांगतो, इथे फक्त रांगा असलेली स्कूलच परवडत असतील तर बाहेरचा विचार करा.

११. अमेरिकेला जायचं ठरलंय. एम-१ व्हिसा घेऊ की एफ-१? तिकडे इन्स्ट्रक्टर म्हणून काम करता येतं का?

एम-१ हा व्यावसायिक शिक्षणाचा, बहुतेक फ्लाइंग स्कूल हाच देतात, यावर शिकताना नोकरी नाही. कोर्सनंतर थोडं प्रॅक्टिकल ट्रेनिंग मिळू शकतं, जास्तीत जास्त सहा महिने. एफ-१ देणारी स्कूल कमी आहेत, कॉलेजशी जोडलेली असतात, त्यावर ओपीटी (शिक्षणाशी जोडलेल्या कामाची परवानगी) मिळालं तर इन्स्ट्रक्टर म्हणून काम करत तास वाढवता येतात. पण एअरलाइनला तिथे एटीपी (एअरलाइन पायलटचं लायसन्स) लागतं आणि त्याला साधारण १५०० तास आणि काम करायचा हक्क, तेव्हा तिकडेच एअरलाइनमध्ये लागेन हे स्वप्न विकणाऱ्यापासून लांब राहा.

व्हिसाशिवाय टीएसएची, म्हणजे अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा खात्याची, परवानगी लागते, परदेशी विद्यार्थ्याची सुरक्षा तपासणी, बोटांचे ठसे वगैरे. ती येईपर्यंत ट्रेनिंग सुरू होत नाही. स्कूलला विचारा की भारतीय विद्यार्थी आधी किती झाले आणि डीजीसीएचा फॉर्मॅट तुम्हाला माहीत आहे का. कोरा चेहरा केला तर प्रश्न १३ तुम्हालाच सांभाळायला लागेल.

१२. परदेशी सीपीएलचं भारतात कन्व्हर्जन म्हणजे नेमकं काय?

तुमचं परदेशी लायसन्स डीजीसीए त्या देशाकडून खरं आहे का ते पडताळून घेतं. तुम्ही एअर रेग्युलेशन्स आणि नेव्हिगेशन-मेटचा कॉम्पोझिट पेपर देता. आरटीआर काढता, हे आधी दूरसंचार खात्याकडे होतं, भारतीय वायुयान अधिनियम २०२४ आल्यावर ते डीजीसीएकडे आलंय. क्लास १ मेडिकल भारतातलं लागतं. आणि मग इथल्या स्कूलमध्ये काही तास उडून एक्झामिनरसमोर दिवसाच्या, रात्रीच्या आणि इन्स्ट्रुमेंटच्या चेक राइड द्यायच्या, याचे पैसे वेगळे, आणि इथे पुन्हा तीच रांग, कारण कन्व्हर्जनवाल्याचा शेवटचा नंबर.

काही गोष्टी मागच्या सहा महिन्यातल्या असाव्या लागतात, उदाहरणार्थ पायलट इन कमांडचे १५ तास आणि रात्रीचे १० टेकऑफ-लँडिंग. परत येऊन वर्षभर पेपर देत बसलात तर ते शिळे होतात आणि परत उडवायला लागतात. म्हणून बाहेर जायच्या आधी मेडिकल आणि पेपर (प्रश्न ३ आणि ४) करून जा, आल्या आल्या चेक द्यायला मोकळे व्हाल.

१३. माझे अमेरिकेतले २१० तास झालेत, लायसन्स पण आहे, तरी इथे म्हणतात पीआयसी (पायलट इन कमांडचे तास) कमी पडतात. असं कसं?

हा फटका बऱ्याच जणांना बसतो आणि दरवेळी वाईट वाटतं. अमेरिकेच्या नियमात पीपीएल झालं की शेजारी इन्स्ट्रक्टर बसलेला असतानाही, कंट्रोल तुमच्या हातात असतील तर ते तास पीआयसी म्हणून लिहिता येतात. त्यांच्याकडे ते कायदेशीर आहे. आपल्याकडे इन्स्ट्रक्टर सोबत आहे म्हणजे ड्युअल, पीआयसी नाही. त्यामुळे लॉगबुकात १३० पीआयसी दिसतात आणि डीजीसीएच्या हिशोबात ८० निघतात. दोन विद्यार्थी मिळून एक सेफ्टी पायलट म्हणून (बाहेर नजर ठेवायला) बसून दोघंही तेच तास लिहितात, त्या भानगडीत पडूच नका.

उपाय एकच, पहिल्या दिवसापासून लॉगबुकात स्वतःचा एक वेगळा रकाना ठेवा, त्यात फक्त एकट्याने उडवलेले किंवा डीजीसीएच्या नियमात बसणारे पीआयसी तास लिहा आणि १०० त्या रकान्यात होईपर्यंत परत येऊ नका. ३०० मैलांच्या फेरीत दोन वेगळ्या विमानतळांवर फुल स्टॉप लँडिंग झालंय, हे पण लॉगबुकात विमानतळांच्या नावासकट स्पष्ट लिहिलेलं हवं.

१४. कॅडेट प्रोग्राममध्ये गेलं तर नोकरी पक्की असते ना? मग एक कोटी का असेना.

एअरलाइनच्या कॅडेट प्रोग्रामचा खर्च टाइप रेटिंग धरून एक कोटीच्या वर जातो. बदल्यात निवड आधीच झालेली असते, ट्रेनिंग ठरलेल्या स्कूलमध्ये होतं आणि मार्ग एका सरळ रेषेत असतो, घरची परिस्थिती असेल तर वाईट नाही. पण करारात जो शब्द आहे तोच खरा. 'अटी पूर्ण झाल्यास आणि जागा असल्यास' अशा अर्थाचं वाक्य असेल तर ती हमी नाही. करार वकिलाला दाखवा, गावातला साधा वकील पण चालेल, मधे नापास झालात, एअरलाइनने भरती थांबवली, तर पैशांचं काय, एवढं त्याच्याकडून समजून घ्या.

१५. एवढे पैसे आणायचे कुठून? लोन मिळतं का, काही शिष्यवृत्ती आहे का?

बँका डीजीसीए मान्य कोर्सला एज्युकेशन लोन देतात, पण साडेसात लाखांच्या वर तारण मागतात, म्हणजे घर किंवा जमीन. शेतजमिनीवर बऱ्याच बँका तयार होत नाहीत, हे आधी विचारून घ्या. जुन्या टॅक्स पद्धतीत व्याजावर सूट मिळते. ओबीसी, भटक्या विमुक्त आणि विशेष मागास प्रवर्गातल्या मुलांसाठी महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थेने नागपूर फ्लाइंग क्लबबरोबर वैमानिक प्रशिक्षणाची योजना राबवलीये, जागा मोजक्या असतात, जाहिरातीवर लक्ष ठेवा.

परदेशात पैसे पाठवताना टीसीएस (आधीच वसूल होणारा कर) कापला जातो, लोनमधून पाठवले तर वेगळा नियम आहे, बँकेत नीट विचारा. तो रिटर्न भरताना परत मिळतो, पण तोपर्यंत तेवढी रक्कम अडकते.

आईवडिलांना हात जोडून एक विनंती. राहतं घर गहाण टाकून शेवटच्या रुपयापर्यंत कोर्समध्ये घालू नका. कोर्स संपल्यावर नोकरी लागेपर्यंतचा काळ आणि टाइप रेटिंग धरून पैसे उरत नसतील तर एक वर्ष थांबा. मुलगा किंवा मुलगी तेवढ्यात पेपर काढेल.

१६. एकरकमी फी भरली तर पाच लाख सूट देतायत. घेऊ का?

नको. हप्ते तासांशी बांधा, म्हणजे ५० तास झाले की पुढचा हप्ता असं. सूट देऊन पैसे आधी मागणाऱ्या स्कूलला बऱ्याचदा नवीन विद्यार्थ्यांच्या पैशातून जुन्यांची विमानं चालवायची असतात. एकदा पैसे गेले की तुमचं रांगेत स्थान काय याची त्यांना फिकीर उरत नाही, हप्ता बाकी असला की असते. रिफंडचा नियम कागदावर हवा, तोंडी नाही. एजंटमार्फत गेलात तर पैसे स्कूलच्याच खात्यावर जाऊ द्या, एजंटच्या नाही.

१७. सीपीएल झालं की एअरलाइनमध्ये लागतो ना? टाइप रेटिंग काय असतं?

सीपीएल म्हणजे तुम्ही भरतीला बसायला पात्र. पुढे विशिष्ट विमानाचं, उदाहरणार्थ एअरबस ए३२० चं, टाइप रेटिंग लागतं, स्वतःच्या पैशाने केलं तर पंधरा-वीस लाखांच्या आसपास जातं. भरती लाटांमध्ये येते. २०२३ मध्ये डीजीसीएने १,६२२ सीपीएल दिली, आणि त्या सगळ्यांना लगेच कॉकपिट मिळालं असं नाही. भरतीची जाहिरात किंवा एअरलाइनचं पत्र हातात नसताना टाइप रेटिंग करू नका, कारण रेटिंगला पण करन्सी असते, म्हणजे मधे उडालं नाही तर ते शिळं होतं, आणि दुसऱ्या एअरलाइनला दुसरं विमान लागू शकतं.

१८. आमच्या मुलीला पाठवायचंय. भीती वाटते. काय बघू?

पाठवा. भारतात वैमानिकांमध्ये साधारण १५ टक्के महिला आहेत, जगाच्या सरासरीच्या तिप्पट. हॉस्टेल स्वतः जाऊन बघा, धावपट्टीपासून किती लांब आणि पहाटे साडेचारला ने-आण कशी होते ते विचारा, तक्रार समितीत कोण आहे ते विचारा, आणि तिथे शिकणाऱ्या मुलींशी तुमच्या मुलीला एकटीला बोलू द्या, तुम्ही बाजूला थांबा. बाकी सगळं प्रश्न ७ प्रमाणेच.

१९. मी ज्या स्कूलमध्ये आहे तिथे सात महिन्यात ३० तास झालेत. बदलू का?

आधी शांतपणे महिन्याला किती तास ते काढा आणि त्यात पावसाळा किती होता ते वजा करा. तरी आकडा पाच-सहाच्या खाली असेल तर बदलायचा विचार करा. तास वाया जात नाहीत, पण ते कागदावर नीट हवेत: लॉगबुकावर चीफ इन्स्ट्रक्टरची सही आणि शिक्का, ईजीसीएच्या, म्हणजे डीजीसीएच्या ऑनलाइन पोर्टलच्या, ई-लॉगबुकमध्ये स्कूलने मंजूर केलेल्या नोंदी, आणि ट्रेनिंग फाइलची प्रत. हे सगळं हातात आल्यावरच सोडतोय म्हणून सांगा, भांडण झाल्यावर मागितलं तर महिने लागतात. नवीन स्कूल एक-दोन चेक राइड घेईल, दहा-पंधरा तास जास्तीचे जातील असं धरून चला.

२०. पीपीएल परदेशात आणि बाकीचं भारतात, किंवा उलटं, असं अर्धं-अर्धं करता येतं का?

करता येतं आणि करतात. एक चांगली पद्धत म्हणजे तास परदेशात भराभर पूर्ण करून मल्टी आणि आयआर भारतात करायचं, कारण कन्व्हर्जनच्या चेक द्यायला इथे उडायला लागणारच असतं, मग ते तास त्यातच बसवायचे. उलट, इथे पीपीएलपर्यंत करून बाहेर गेलात तर तिथलं स्कूल तुमचे सगळे तास धरेलच असं नाही, ते ईमेलवर लेखी घ्या. दोन्हीकडे लॉगबुक एकच चालू ठेवा, नवीन सुरू करू नका, आणि प्रत्येक स्कूल सोडताना त्या पानावर त्यांची एकूण बेरीज सही-शिक्क्यासकट घ्या.